पेवातलं

१० जानेवारी
आली! शिवानी आली पुण्याहून! माझ्या महारुद्राची लेक, हाडं-खापरं शिकती. भूकंपात पडलेल्या जुन्या गावात तिच्या सरांचं खोदकाम लागलंय — म्हंजी महिनाभर जेवायला घरी! शेंगाच्या पोळ्या केल्या. चार खाल्ल्या पोरीनं. वाळली लई.

१४ जानेवारी
संक्रांत. तिळाचे लाडू वळत होते. पोरगी पळतच आली — "आज्जी, पेव सापडलं!"
म्हणलं, त्यात काय? धान्याला घरोघर जमिनीत पेव होतं.
"आत माणूस आहे. लहान. बसवलेलं!"
हातातला लाडू परातीत फुटला.

१५ जानेवारी
आता हाडाला हात लावायचा न्हाय म्हणं. सर ओट्यावर बसून सांगत होते — पोलीस, तहसीलदार, पंचायतीवर नोटीस. वीस तारखेपर्यंत कुणी नातेवाईक पुढं आला तर अभ्यास बंद, देह त्याच्या ताब्यात. न्हायतर पेटीत घालून पुण्याला.
बलभीम पाटील चावडीत ओरडला, "कुणाचा खापरपणजा हरवलाय का रं?" सगळी हसली. म्याबी हसले.
शिवानी म्हणाली, "कुणी येऊ नये, आज्जी. माझा सगळा प्रबंध ह्यावर आहे."

१७ जानेवारी
त्या लहानग्याचे पुढचे दोन दात नुकतेच पडलेले होते, शिवानी जेवताना सांगत होती.
दुसरा म्याच माळवदावर फेकला होता.

१८ जानेवारी
कुणाला सांगितलं न्हाय कधी. भूकंपाच्या साली त्याच माळवदाखाली माझी शरणू गेली. सात वर्षांची. सगळ्यांना एकदमच अग्नी देत होते. आमच्यात तर पुरतात, बसवून — पण कोण ऐकतंय! पदराखाली झाकून नेली. पेवात बसवली. तिच्या गळ्यातलं लिंग हातात दिलं. माती लोटली.
ह्यांना म्हणलं, अग्नीत गेली. मरेपर्यंत विचारायचे, "कुठल्या चितेत गं?" म्या हात करायची — त्या तिकडच्या.
बोलले तर नातीचं शिक्षण बुडतं. न्हाय बोलले तर लेक पेटीत.

१९ जानेवारी
पंचायतीच्या दारातनं माघारी आले.

२० जानेवारी
गेले. अर्ज भरला. मयताशी नातं — आई. चौथीतलंच अक्षर, पण नीट काढलं. शिवानी आली, "आज्जी, तुम्ही इथं कशाला?" कागद तिच्यापुढं सरकवला. तिनं दोनदा वाचला. मग पेन घेतलं, माझ्या खाली आपलं नाव घातलं. नातं — भाची.