अठरा पायऱ्या

४ नोव्हेंबर, सोमवार

सुखरूप पोचले. तुळजापूरहून सोलापूरच्या एसटीनं तामलवाडी फाट्यावर उतरले, तर बंगल्यावरचे गडी बिरूमामा मोटारसायकल घेऊन आधीच उभे. माझी बॅग, वजनकाटा आणि दोन डंबेल असं सगळं त्यांनी पोत्यात बांधून पुढं टाकीवर घेतलं. एक पाय ओढत चालतात, पण गाडी सरळ चालवतात. बंगला शेतात आहे. एका अंगाला द्राक्षबाग, दुसऱ्या अंगाला गुडघाभर ज्वारी. हवा अशी की भूक लागावी.

आहार-व्यायाम शिकवायची ही माझी पहिली नोकरी, म्हणून रोज लिहायचं ठरवलं आहे. लहानपणी दम्यामुळं चौथीपर्यंत आईनंच घरी शिकवलं. तिनं लावलेली सवय आहे: दिवसभरातलं खरं ते लिहायचं, आणि चुकलं तर खोडायचं नाही, शेजारी बरोबर काय ते लिहायचं.

ज्यांच्यासाठी आले ते इंद्रजित आप्पा. वय एक्कावन्न, वजन एकशे चौतीस किलो, साखर वाढलेली, दोन्ही गुडघे कुरकुरतात. तरुणपणी तालमीतले गडी. आता खुर्चीतून उठायला दोन्ही हात टेकावे लागतात. मला बघून म्हणाले, "ही चिमणी मला हलवणार व्हय?" आणि स्वतःच पोट हलेपर्यंत हसले. चांगले वाटले.

वजनाच्या आकड्यापेक्षा मनातलं एखादं काम ठरवावं, असं आम्हाला शिकवलं आहे. काय करायचंय असं विचारलं, तर बराच वेळ जिन्याकडं बघत राहिले. मग हळू म्हणाले, "जिना चढायचाय. आमची मंडळी वर ऱ्हाती. सहा वर्षं झाली, वर गेलो न्हाय."

माझे डोळे भरून आले. पायऱ्या मोजल्या. अठरा. सरळ आणि उभ्या.

७ नोव्हेंबर, गुरुवार

आप्पांचं खाणं तीन दिवस नुसतं पाहिलं आणि लिहिलं. न्याहारीला लोण्याबरोबर चार भाकऱ्या. दहाला खवा. दुपारी आमटीवर तुपाची धार, वर गूळ-शेंगदाणे. चारला पेढे. आज नवी पद्धत सुरू केली. दीड भाकरी, मुगाची आमटी, मेथी, काकडी, वाटीभर ताक. घास चावून, निदान वीस मिनिटं बसून जेवायचं. आठवड्याला एक किलोपेक्षा जास्त उतरवायचं नाही, हेही बजावलं. भाकरीकडं बघून म्हणाले, "पोरी, ही भाकरी हाय का पतंगाचा कागद?" पण खाल्ली.

या घरात आप्पांचा मान फार. नागूबाई स्वयंपाक करतात, बिरूमामांच्या बायको. त्या ताट चाकाच्या टेबलावर ठेवतात आणि टेबल लांबूनच ढकलतात. बिरूमामा उंबऱ्याबाहेरून बोलतात. वर्षाकाकू, आप्पांच्या पत्नी, वरच्या कठड्यावरून काय हवं-नको विचारतात, खाली येत नाहीत. माझी खोली त्यांच्या शेजारीच. आप्पांच्या हाताच्या अंतरात उभी राहणारी मी एकटीच, याचं मला थोडं अवघडल्यासारखं होतं.

१८ नोव्हेंबर, सोमवार

दोन आठवड्यांत जेमतेम दोनशे ग्रॅम. मला रडू आलं. माझंच काही चुकत असणार म्हणून सगळं पुन्हा तपासलं.

चूक माझी नव्हती. गार झालेल्या आमटीवर तुपाचा जाड थर आला. भाकरीच्या पिठातही मोहन. नागूबाईंना शांतपणे विचारलं. त्या चुलीकडं बघत म्हणाल्या, "खाऊ द्या की वो ताई. खाणारं मानूस बसून ऱ्हातंय." मी म्हटलं, बसून राहण्यानंच तर त्यांचा जीव जाईल. जिना चढताना काकूंनी थांबवलं. अर्पिता, तुझं शिक्षण चांगलं आहे, पण त्यांना पोटभर जेवू दे, असं म्हणाल्या. माया आहे, पण ही माया माणसाला मारते.

आहाराची वही आप्पा रोज संध्याकाळी वाचतात. तिच्यात स्पष्ट लिहिलं: आमटीत तूप, पिठात मोहन, नागूबाईंनी घातलं. लपवणं मला जमत नाही.

आप्पांनी दोनदा वाचलं. रागावले नाहीत. म्हणाले, "तू अशीच खरं लिहीत जा."

२ डिसेंबर, सोमवार

दोन किलो उतरलं. आता स्वयंपाकाच्या वेळी मी स्वतः उभी असते. सकाळी खुर्चीवरून उठबस दहा वेळा, हात न टेकता. मग भिंतीला हात लावून जोर. मग ओसरीवर चालणं. आज प्रथमच स्वयंपाकघरापर्यंत चालत गेले आणि परत आले. बावन्न पावलं. मी टाळ्या वाजवल्या. आतून भांडं पडल्याचा आवाज आला.

५ डिसेंबर, गुरुवार

नागूबाईंचा उजवा हात मनगटापासून चेचला आहे. तीन बोटं काळी पडलीत. पाटा उचलताना वरवंटा पडला असं त्या सांगतात. वरवंटा एकदा पडला तर एका जागी लागेल. हाताच्या मागच्या बाजूलाही जखमा आहेत, आणि त्या चार आहेत. मी मोजल्या.

आप्पांना सांगितलं तर हळहळले. खर्चाची काळजी करू नका म्हणाले. मग विचारलं, आज किती पावलं झाली?

१६ डिसेंबर, सोमवार

आज पहिली पायरी. कठडा धरून, डावा पाय, उजवा पाय, नाकानं श्वास. चढले आणि उतरले. घाम पुसत म्हणाले, "मास्तरीणबाई, मी पुन्हा मानसात आलो." त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद की मलाच भरून आलं.

वर पाहिलं. काकू कठड्याशी उभ्या होत्या. दोन्ही हातांनी तोंड दाबलेलं. आनंदानं असेल.

आनंदानं नव्हतं. हे मी आता जेवल्यानंतर लिहिते आहे. काकूंच्या खोलीतून ओकारीचा आवाज येत होता.

४ जानेवारी, शनिवार

एकशे अठ्ठावीस. सहा पायऱ्या. दर सहा पायऱ्यांनी आणि परत उतरण्याआधी थांबायचं, कठडा धरून मोठ्यानं साठ मोजायचे, मग पुढं. अशी सवय लावली आहे. शेताच्या बांधावरून हुरडा आला होता. मूठभर खाऊन आप्पांनी टोपली बाजूला सारली. पोट भरलंय, म्हणाले. माणसाला आपली भूक ओळखता आली की अर्धं काम झालं, असं मी दोन महिने सांगते आहे.

ते ऐकून नागूबाई डाव्या हातानं चूल फुंकत राहिल्या. जाळ धरत नव्हता, तरी फुंकत होत्या.

१२ जानेवारी, रविवार

दुपारी काकूंनी खोलीत बोलावलं आणि पदर खाली घेतला. गळ्याखालचं हाड वाकडं जोडलेलं. डावीकडच्या चार बरगड्या आत बसलेल्या. पाठीवर पट्ट्याच्या बक्कलचा ठसा, चौकोनी, मधल्या काट्यासह. त्यांनी एकेक जागा बोटानं दाखवली आणि वर्ष सांगितलं. दोनदा माहेरी गेल्या. दोन्ही वेळा भावानं आणून सोडलं.

सहा वर्षांपूर्वी बिरूमामा मध्ये पडले, तेव्हा आप्पांनी त्यांना याच जिन्यावरून खाली फेकलं. बिरूमामांचा पाय गेला. फेकताना आप्पाही घसरले, गुडघे फुटले, चार महिने खाटेवर. काकू त्या दिवशी वर आल्या त्या खाली उतरल्याच नाहीत. मग त्यांच्या लक्षात आलं की हा माणूस जड झाला तर वर येणार नाही. त्यांनी आणि नागूबाईंनी मिळून खायला घालायला सुरुवात केली. लोणी, खवा, पेढे. सहा वर्षं.

मी विचारलं, गड्यांकरवी तुम्हाला खाली का ओढलं नाही? काकू म्हणाल्या, ते म्हणतात, घरचं माणूस आपल्याच हातानं सरळ करावं.

"मी चुलीवर जीव राखला होता गं," एवढंच म्हणाल्या. मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

नागूबाईंचं नाव मीच लिहून दिलं होतं. स्वयंपाकघरापर्यंत मीच चालवलं. बावन्न पावलं.

१५ जानेवारी, बुधवार

आज मी स्वतः आमटीत तूप घातलं. चार चमचे. वहीत लिहिलं, तेल अर्धा चमचा.

आप्पांनी एक घास घेतला, वाटी सरकवली. तूप जास्त झालंय, म्हणाले. आवाज गोड. बिरूमामांनी तुळजापूरहून आणलेला खवाही सकाळी तसाच परत आला होता. आता त्यांना काही नको असतं. वेळेवर उठतात, वेळेवर जेवतात, न सांगता व्यायाम करतात.

वहीतला खोटा आकडा त्यांनी नखानं खोडला, शेजारी बरोबर लिहिला. चार चमचे. कसं कळलं, माहीत नाही.

२१ जानेवारी, मंगळवार

काल मी म्हटलं, गुडघ्यांना विश्रांती हवी, आठ दिवस जिना बंद. ते हो म्हणाले. सकाळी मी खाली गेले तेव्हा दहाव्या पायरीवर उभे होते. मोजत होते. सत्तावन्न, अठ्ठावन्न.

२८ जानेवारी, मंगळवार

हे मी डोळ्यांनी पाहिलं, म्हणून लिहिते.

सकाळचा व्यायाम. आप्पांनी बिरूमामांना बोलावलं आणि काकूंची पेटी खाली आणायला सांगितलं. बिरूमामा म्हणाले, मला न्हाय व्हायचं ते, मालक. आप्पा उठले, हात न टेकता. सहा पावलांत त्यांच्यापाशी. बिरूमामांना हलायला वेळच मिळाला नाही. इतकं जवळ यायचं नाही हे या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण ते अंतर जुनं होतं.

खाली पाडलं. छातीवर गुडघा. पाच किलोचं डंबेल घेतलं. माझं. चांगल्या पायावर मारलं. बारा वेळा. मग थांबले, नाकानं श्वास घेतला, तोंडानं सोडला, पुन्हा बारा. पुन्हा थांबले. पुन्हा बारा. मी शिकवलं तसंच. तिसऱ्या फेरीत हाडाचा आवाज येईनासा झाला, नुसता ओल्या कणकेचा.

मी ओरडले का? आठवत नाही. दाराच्या चौकटीत उभी होते.

नागूबाई टेम्पोत घालून सोलापूरला घेऊन गेल्या. जाताना माझे पाय धरले, बोलू नका म्हणाल्या, आम्हाला इथंच राबायचंय. ट्रॅक्टरखाली आले असं सांगणार आहेत.

बाबांना फोन केला. रविवारी जीप घेऊन येतो म्हणाले. मी म्हटलं, काकू आणि मी, दोघी येऊ.

३० जानेवारी, गुरुवार

सुतार आला. दारं फुगलीत म्हणे. वरची तिन्ही दारं बिजागऱ्यांतून काढून टेम्पोत घातली. सोमवारी देईन म्हणाला.

आप्पा खालून बघत होते. काकूंना हाक मारून म्हणाले, "वारा येईल जरा."

३१ जानेवारी, शुक्रवार

खाली गेले नाही. जेवण नाही. आप्पांच्या बारा पायऱ्या झाल्या, आवाजावरून कळलं. परत उतरले.

मला एकटीला आज जाता आलं असतं. फाटक दुपारी उघडं होतं. चप्पल घातली, मग काढली. काकू हे बघत होत्या.

दोन दिवस. फक्त दोन

१ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी दहा

फाटकाला कुलूप. आप्पांनी स्वतः चालत जाऊन लावलं. काकूंनी ११२ ला फोन केला. गाडी निघाली म्हणतात. वीस-पंचवीस मिनिटं.

लोखंडी कपाट आडवं करून ओढत जिन्याच्या तोंडाशी आणलं, टोक वरच्या पायऱ्यांवर काढलं. दोघींनी. काकूंच्या बरगड्या — तरी ओढलं. साड्या, भांडी, काकूंची पेटी, सगळं आत भरलं. खूप जड झालंय.

खाली व्यायाम संपला. पाणी प्याले. घोट घोट, बसून.

हाक मारतायत. मास्तरीण, वही घे. आज अठरा लिहायचेत.

एक. दोन. पट्ट्याचं बक्कल कठड्याला लागतंय. तीन —

सहा. थांबले. साठ मोजतायत. तेवढा वेळ मला आहे.

दम लागलेला नाही. श्वास नीट. काकूंना काहीतरी म्हणतायत, प्रेमानं बोलल्यासारखं. आधी दात, मग

काकू कपाटाच्या डाव्या अंगाला. मी उजव्या. अजून नाही. जवळ यायला हवेत, बाराव्या पायरीवर, तिथं कठडा हलतो —

साठ. सात. आठ.

फाट्याकडं काही आवाज नाही. फक्त ज्वारी.

दहा. अकरा

बारा. पुन्हा मोजतायत. कपाटामागून टक्कल दिसतं. हसतायत. एक हात वर केलाय, कपाटावर टेकलाय. नुसता टेकलाय आणि कपाट मागं सरकतंय. आमच्या अंगावर. बोटभर. अजून बोटभर

एकतीस, बत्तीस

जे वाचतील त्यांच्यासाठी. मी अर्पिता. शुद्धीत लिहिते. काकूंचा यात हात नाही. त्या मागच्या खोलीत होत्या, त्यांना काही माहीत नव्हतं. कपाट मी एकटीनं ओढलं. एकटीनं भरलं. त्यांना मी चढवलं, मीच

काकू खांदा लावतायत — नाही, काकू इथं नाहीत. खोलीत आहेत. हेच खरं.

पन्नास

कपाट अजून मागं येतंय, माझा पाय भिंतीला — काकूंचा हात त्यांच्या मुठीत सापडलाय, ओढतायत खालून, वही ठेवते

अठ्ठावन्न. एकोणसाठ. मी एकटीनं ढक