दीड दिवसाची माणसं

ती. सोनूमावशीस,

विनीतचा वाकून नमस्कार. (खरोखरच वाकलेला आहे. सकाळपासून पऱ्यात, शाळेमागच्या त्या ओढ्यात, चिखल चाचपतोय, कंबर सरळ होत नाही.) तुझा गुडघा कसा आहे? केळशीचा पाऊस उघडला का? इकडे मालगुंडात सगळे मजेत आहेत, म्हणजे मी सोडून.

तुला ठाऊकच आहे, मी शाळेत चित्रकलेचा मास्तर असलो तरी मनातून स्वतःला फार मोठा कलावंत समजतो. मध्यंतरी मुंबईला एका प्रदर्शनात हल्लीच्या कलाकारांनी केलेली भाजलेल्या मातीची माणसं पाहिली. देव नाहीत, राजे नाहीत. पोट सुटलेली, बादलीवर बसलेली, मान वाकडी करून झोपलेली साधी माणसं. झालं, माझं डोकं फिरलं. म्हटलं, आपल्या पोरांनी जन्मभर मातीचा आंबा आणि मातीचं केळंच का करायचं? घरातलं माणूस करा, जसं बसतं तसं करा. माती गावातल्या गणपतीच्या शाळेतून आणली, मूर्ती करून उरलेली. (फुकट मिळाली. तिथेच घात झाला.)

पोरांनी कमाल केली गं. ऋत्विकने जीभ बाहेर काढून कोलंबी सोलणारी आजी केली. शमिकाने बाबा केले, मांडीवर बॅग घेऊन एसटीची वाट बघणारे. ते मुंबईला नोकरीला, गणपतीला येतात आणि गणपती गेले की जातात. तिला ते तसेच आठवतात. मी नमुना म्हणून तुला केली, विळीवर बसलेली. पोरं बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, भारावली.

उत्साहाच्या भरात मी शमिकाच्या बाबांना फोन केला, की रविवारी रत्नागिरीला प्रदर्शन आहे, लेकीने तुम्हाला घडवलंय, बघायला या. बिचारे म्हणाले, रजा मागून बघतो.

मग माणसं शाळेच्या पडवीत पाटांवर वाळत ठेवून मी भट्टीची सोय बघायला रत्नागिरीला गेलो. परत येतो तो पडवी रिकामी! पोरांनी आरती करून, झांजा वाजवत, सगळी माणसं पऱ्यात बोळवली होती. माती गणपतीच्या शाळेतली, डोळे काढून झाले, पाटावर बसवली, दीड दिवस झाला. मग ठेवायची कशी, असं त्यांचं म्हणणं. मी ओरडायला तोंड उघडलं, तर शमिका म्हणाली, "सर, विसर्जन केलं की परत येतात ना?" आणि संध्याकाळी तिच्या बाबांचा फोन, रजा मिळाली म्हणून. आता सांग, कुणाला ओरडू?

एकच मूर्ती वाचली, तुझी. माझा ऊर भरून आला. ऋत्विकला विचारलं, हिला का ठेवलीत? तर म्हणाला, ही अजून करायची राहिलीय असं वाटलं.

असो. मागणं काही नाही. आशीर्वाद असू दे.

तुझा,
(चिखलात माखलेला) विनीत

ता. क. मागणं जरासं आहे. नवी माणसं करून रविवारपर्यंत वाळत नाहीत, आणि पत्रिका तर वाटून झाल्या. तो गृहस्थ रजा काढून स्वतःला बघायला येणार आणि टेबलावर तू! राग येणार नसेल तर तुला मिशा लावू का? विळीची बॅग होते, करून पाहिली.

आणखी एक. मिशाही लावून पाहिल्या होत्या, पुसल्या. शमिकाने पाहिलं. हसलीसुद्धा नाही. म्हणाली, बाबाच येतायत, मग त्यांनाच बसवू की टेबलावर. तसंच ठरलंय. सगळ्यांच्या घरची माणसं येऊन बसणार आणि पोरं तिथेच, त्यांच्याकडे बघून, पुन्हा करणार. फक्त जाता जाता तिने विचारलं, "सर, या वेळी विसर्जन केलंच नाही, तर बाबा इथेच राहतील?" मावशी, तू रविवारी येच.