बोलकी पाटी

प्रिय अवंती,

पाकिटावर माझं अक्षर पाहून दचकशील, म्हणून आधीच सांगतो, आम्ही दोघंही घरीच आहोत आणि कोणाला दवाखान्यात दाखल केलेलं नाही. रोज फोनवर तोंड दाखवणारा बाप कागद कशाला काळे करतो, असं वाटेल. कारण साधं आहे. आपलं बोलणं होतं तेव्हा फोन आईच्या पलंगावर, स्पीकर लावून ठेवलेला असतो. आणि हे मला तिच्यासमोर बोलता येत नाही. फोन घेऊन व्हरांड्यात गेलो तर तिला लगेच संशय येतो. अर्धांगाच्या झटक्यात तिची वाचा गेली आहे, कान चांगले तिखट आहेत. मेसेजमध्ये लिहावं म्हटलं, तर एवढं टाइप करेपर्यंत माझ्या अंगठ्यालाच स्पीच थेरपी लागेल.

जबलपूरला सध्या कडाक्याची थंडी आहे. बंडूमामा पंधरवड्यापूर्वी शहपुऱ्याहून मटाराचं अख्खं पोतं घेऊन आला. दरवर्षी आई त्याला म्हणायची, "काहून एवढा आणून राहिला रे, दुकान टाकायचं आहे का मला?" आणि दरवर्षी सगळा मटार सोलून, अर्धा मिश्रा भाभींकडे पोचवून, उरलेल्याची कचोरी करायची. यंदा ती नुसती हसली, तेही अर्ध्याच तोंडानं. आता दुपारी उन्हात बसून डाव्या हातानं सोलते. एक शेंग सोलली की थांबते, मग दुसरी घेते. मी मदतीला हात घातला की चापट बसते, म्हणजे स्वभाव शाबूत आहे.

गेल्या रविवारी तू मला रागावलीस. रागावलीस म्हणजे तुझ्या त्या शांत ऑफिसच्या आवाजात म्हणालीस, "बाबा, टॅबलेट का यूज़ेज ज़ीरो दिख रहा है. आई से प्रैक्टिस तो करवाइए." तुला तिथे बंगळूरला बसून सगळं दिसतं, तू पाठवलेली ती बोलकी पाटी कधी उघडली, कोणता चौकोन किती वेळा दाबला. रेघ वर चढत होती आणि एके दिवशी जी जमिनीला टेकली ती उठलीच नाही. तुझा आलेख खरा आहे, पोरी. पण रेघ का पडली ते तुला तिथून दिसणार नाही. मी "हो, करवतो" म्हणालो, कारण आई शेजारी डोळे मिटून सगळं ऐकत होती.

यंत्रांशी माझं वैर नाही, हे तू जाणतेस. सारी नोकरी सिव्हिल लाइन्सच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली, लोकांचे आवाज एकमेकांपर्यंत पोचवायचे हेच काम होतं. हल्ली मात्र सिलिंडर मागवायला फोन करावा तर एक बाई 'एक दबाइए, दो दबाइए' करत मला घरभर फिरवते, आणि शेवटी म्हणते, आपका दिन शुभ हो. आमच्या वेळी राँग नंबर लागला तरी माणूस लागायचा. पण तू गणपतीनंतर ती पाटी पाठवलीस तेव्हा मी खरोखर खूश झालो होतो. चित्रावर बोट ठेवलं की पाटी बोलते, आणि तीही मराठीत. तू किती शोधाशोध केली असशील, किती पैसे घातले असशील, त्याची मला कल्पना आहे. मिश्रा भाभींना, दूधवाल्याला, थेरपीवाल्या दीपालासुद्धा मी ती कौतुकानं दाखवली.

पहिल्या दिवशी आईनं पेल्याच्या चित्रावर बोट ठेवलं. आतून आवाज आला, "मला पाणी हवे आहे." गोड आवाज, एकेक अक्षर धुतलेलं. आणि तुझी आई काय करते? तिनं चटकन पदर सावरला, आणि दाराकडे पाहिलं. तिला वाटलं कोणी परक्या बाई आल्या. मग माझ्याकडे बघून हातानं खूण केली, चहा ठेवा. मी हसत सुटलो. दीपाही हसली, म्हणाली, सवय होईल. आणि सवय झालीही थोडी. पाणी, औषध, पंखा, दुखतंय, सगळं त्या बाई आमच्या घरात बोलू लागल्या. मी तर नकळत त्यांना "हो, आणतो हं" असं अदबीनं उत्तर द्यायला लागलो. बायकोशी जन्मात एवढ्या अदबीनं बोललो नव्हतो.

मग दिवाळीनंतर बंडूमामा आला होता. निघताना नेहमीसारखा वाकून आईच्या पाया पडला. तिला त्याला निरोप द्यायचा होता. पाटीवर हात हलवणाऱ्या बाईचं चित्र आहे ना, त्यावर तिनं बोट ठेवलं. पाटी म्हणाली, "मी आता जाते."

आपल्या घरात 'जाते' कोण म्हणतं? तू लहानपणी शाळेला निघताना चुकून "जाते" म्हणालीस की आई तुला उंबऱ्यातून मागे बोलवायची, "येते म्हण, येते!" आणि 'येते' म्हटल्याशिवाय दप्तर हातात देत नसे. बंडूमामाचा चेहरा पांढरा पडला. "असं नको बोलू वं ताई," म्हणाला आणि तसाच डोळे पुसत फाटकाबाहेर गेला. आईनं जीभ चावली. पाटी उचलून उशीजवळ पालथी ठेवली. तुझी रेघ पडली ती त्या दिवशी.

मी समजावलं, चिडलोही. बोलायला मिळतंय तर बोलत काहून नाही, म्हणून एकदा आवाज चढवला. ती हट्ट करते आहे असंच मी धरून चाललो होतो. पण मग फोनवर तुझा तो रेकॉर्ड केलेला निरोप आला. तुझ्या लक्षातही नसेल. मी आंघोळीला गेलो होतो, फोन उचलला नाही, आणि तू रस्त्यातून, गाड्यांच्या गोंगाटात, घाबरून बोललीस, "आई, बाबा फोन काहून नाही उचलून राहिले?"

अवंती, किती वर्षांनी तुझ्या तोंडून आपली बोली!

मी बाहेर आलो तर आई फोन कानाला लावून बसली होती. तो निरोप तिनं खुणेनं पुन्हा लावायला सांगितला, पुन्हा आणि पुन्हा. तिचे ओठ तुझ्या शब्दांबरोबर हलत होते. मला आठवलं, मी दुपारी एक्स्चेंजमधून घरी फोन लावायचो, "काय करून राहिली?" विचारायचो, पलीकडून "भाजी निवडून राहिली, काहून?" असं यायचं, आणि मी चांगल्या संसाराच्या गोष्टी करून मोकळा झालो की तू फिदीफिदी हसायचीस. तुम्हा मायलेकींचा आवाज एकच होता, बोलण्याची ढबही तीच. आयुष्य आवाजांत काढलेला माणूस मी, पण दर वेळी फसायचो.

पुढचं लिहिताना मला त्रास होतो आहे, तुला वाचताना होईल. तू पुण्याला शिकायला गेलीस, आम्ही भेटायला आलो, आणि आईनं तुझ्या मैत्रिणींना मोठ्या उत्साहानं विचारलं, "काय वं पोरींनो, जेवण करून राहिल्या का?" त्या हसल्या. वाईट नव्हत्या बिचाऱ्या, पण दिवसभर एकमेकींना 'करून राहिली, करून राहिली' म्हणत हसत होत्या. स्टेशनवर तू आईला म्हणालीस, माझ्या मैत्रिणींसमोर जरा कमी बोलत जा. एवढंच. त्या वयात कोणीही म्हणालं असतं. त्यानंतर तू घरी फोनवर हिंदीत बोलू लागलीस. हिंदीत कोणी हसत नाही, हे मला कळत होतं. आईलाही कळलं, जरा जास्तच कळलं. तुझा फोन आला की ती दोन शब्द बोलून माझ्या हातात द्यायची, "तुम्हीच बोला जी." आजारानं तिची वाचा एका सकाळी नेली. तुझ्याशी बोलणं मात्र तिनं त्याच्या फार आधी आवरतं घेतलं होतं. मी तुला दोष देत नाही. मला वाईट वाटतं, आणि ते लपवून ठेवण्याइतका वेळ आता नाही, म्हणून लिहितो.

नोकरी लागली तेव्हा तू डेटाचं काम काय असतं ते आम्हाला समजावत होतीस, आठवतं? आई ऐकून म्हणाली, "म्हणजे निवडून राहिली ना वं तू? तांदळासारखं?" तू म्हणालीस, बिलकुल वैसा ही. काही आकडे बाकीच्यांत बसत नाहीत, ते बाजूला काढावे लागतात, नाहीतर सगळा हिशेब बिघडतो. आईनं विचारलं, "मग त्यांचं काय करता?" तू हसून विषय बदललास. पाटी बनवणाऱ्यांनीही तसंच केलं असणार. चार घरचं मराठी निवडून स्वच्छ केलं, आणि आमच्यासारख्यांचं बोलणं खड्यासारखं बाजूला गेलं. त्यांचीही चूक नाही म्हणा, जबलपूरच्या मराठी माणसांना मोजायला बसतं कोण?

दीपानं मग मला दाखवलं की त्या पाटीत रिकामे चौकोनही असतात, त्यांत आपला आवाज भरता येतो. मी उत्साहानं भरला. आईनं ताटाचं चित्र दाबलं आणि पाटीतून माझा घोगरा आवाज, "भूक लागून राहिली जी मला!" आई इतकी हसली की शेंगांची परात कलंडली. गणपतीनंतर पहिल्यांदा मी तिचं हसणं ऐकलं. आवाज तसाच आहे गं, हसण्याचा. मग हसता हसता रडायला लागली आणि किती तरी वेळ थांबली नाही. मी माझा आवाज पुसून टाकला.

आता मूळ गोष्ट. मागच्या आठवड्यात डॉक्टरांनी पुन्हा मेंदूचा फोटो काढला. मधे आणखी एक लहान झटका येऊन गेला आहे, झोपेत असावा, आम्हाला कळलाही नाही. ते म्हणाले, पुढचा आला तर समज जाईल, किंवा ती स्वतःच. कधी येईल ते सांगता येत नाही. तिला बाहेर पाठवायला हवं होतं, पण ते तिच्यासमोरच बोलले, मला रोखताही आलं नाही. रिक्षात ती माझा हात धरून बसली होती. घरी आल्यावर तिनं स्वतःहून ती पाटी सुलटी केली. हात हलवणाऱ्या बाईच्या चित्रावर बोट नेलं, पण दाबलं नाही. माझ्याकडे बघून जोरजोरात मान हलवली, नाही, नाही. मग कपाटावरच्या तुझ्या फोटोकडे बोट केलं. पुन्हा चित्राकडे, पुन्हा तुझ्याकडे. मला कळेना. तिचा जीव कासावीस झाला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी विचारलं, "'येते' पाहिजे का तुला? अवंतीच्या आवाजात?" तिनं डोळे मिटले, मान डोलावली, आणि मटाराची परात पुढ्यात ओढून घेतली.

तेव्हा तू ये. आवाज काय, तू तिथूनही भरून पाठवशील, तुला चुटकीसरशी जमेल. पण तसं करू नकोस. तिच्या पलंगावर बस, तिच्यासमोर बोल, आपल्या बोलीत, अडखळलीस तरी चालेल. इथे हसणारं कोणी नाही. पाणी, औषध, पंखा यांचं आपण मागाहून बघू, तोवर त्या परक्या बाई आहेतच. तो एक चौकोन मात्र आधी भर. तुझी आई आयुष्यात कोणाच्या घरातून 'जाते' म्हणून निघालेली नाही. या घरातून निघतानाही तिला 'येते' म्हणता आलं पाहिजे.

वाट पाहत,
तुझाच
बाबा