साडी नेसेपर्यंत

आई,

तुला कधी पत्र लिहीन असं वाटलं नव्हतं. तू असताना आपण फोनवरसुद्धा दोन मिनिटांच्या वर बोललो नाही, आणि त्यातलं एक मिनिट तू "जेवली का?" आणि "केस वाढवले का?" यातच घालवायचीस. पण आज सकाळी शोभामावशीने व्हॉट्सॲपवर एका साडीचा फोटो पाठवला. पिस्ता रंगाची, बारीक बुट्ट्यांची. खाली लिहिलंय, "रविवारी हे नेसायची. पार्लरवालीले सांगून ठेवलं." तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही, म्हणून लिहायला बसले.

रविवारी घाटंजीचे पाहुणे मला पाहायला येणार आहेत. तुला जाऊन अकरा महिने झाले. घरात मौत झाली की पोरीचं लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, असं सगळ्यांचं म्हणणं. एकच महिना उरला म्हणून मावशीची धावपळ चालली आहे. बाबा हो म्हणत नाहीत की नाही म्हणत नाहीत. "तुझ्या मायची इच्छा होती," एवढंच म्हणतात. तुझी इच्छा! ती माझ्याइतकी कोणाला माहीत असणार?

तू दिग्रसमधली नावाजलेली ब्लाउज शिवणारी. बाई दारातून आत आली की टेप हातात घ्यायच्या आधीच तू तिचं माप सांगायचीस, आणि अर्ध्या इंचाचाही फरक निघायचा नाही. बायांना त्याचं फार कौतुक. पण तीच नजर रोज सकाळ-संध्याकाळ माझ्यावरून फिरायची, हे कोणाला दिसत नव्हतं. खांदे रुंद, छाती सपाट, रंग सावळा, चाल धसमुसळी. तू बोलली नाहीस तरी मला ऐकू यायचं. मी तुझ्या खोलीत येताना आपोआप खांदे आवळून घ्यायची.

लहानपणी तू माझ्या फ्रॉकला खिसे शिवायचीस, आठवतं? दोन्ही बाजूंना, खोल. मी त्यात चिंचोके आणि गोट्या भरून फिरायची. मी सातवीत गेले आणि तू एकदम खिसे बंद केलेस. मी रडले तर म्हणालीस, "आता खिसे नको. कमरेपाशी फुगते. पोरीच्या जातीले शोभत नाही." तोपर्यंत मला माहीतच नव्हतं की मी पोरीची जात आहे.

मग सुरू झाली ती दिवाळीची खरेदी. देवा रे! बाजारातल्या मेन लाइनमधल्या त्या दुकानात गर्दीत उभं करून तू एकेक ड्रेस माझ्या छातीला लावून बघायचीस. "भाऊ, फिक्का कलर दाखवा. हे जरा सावळी हाय." दुकानदार मान तिरपी करून माझ्याकडे बघायचा, शेजारच्या दोन बायाही बघायच्या, आणि मग चौघं मिळून माझ्या रंगावर तोडगा काढायचे. मी तेरा वर्षांची होते, आई! मला तिथल्या गाद्यांच्या खाली शिरावंसं वाटायचं. कपडे बदलायच्या खोलीला अर्धाच पडदा होता. मी आतून तो एका हाताने धरायची आणि दुसऱ्या हाताने चेन लावायची. तू बाहेरून ओरडायचीस, "काय करून राह्यली इतका वेळ?" 

अठराव्या वर्षी तू मला पार्लरमध्ये बसवलंस. पार्लरवाली दोऱ्याने भुवई ओढत म्हणाली, "इतके दिवस काहून नाही आणलं वो काकू? जंगल झालं पुरं." तू हसलीस. मला दोऱ्याचं काही वाटलं नाही. डोळ्यांतून पाणी आलं ते तू हसलीस म्हणून. एकदा तरी म्हणायचं होतंस की माझी पोरगी आहे, जपून बोल. तुझ्या ब्लाउजच्या शिलाईला कोणी नाव ठेवलं तर तू दिवसभर भांडायचीस. मला नाव ठेवलेलं मात्र तुला पटायचं.

वनरक्षकाच्या भरतीत माझं नाव लागलं तेव्हा बाबांनी पेढे वाटले. तू मशीनवरून उठलीसुद्धा नाहीस. "जंगलात? पँट घालून?" म्हणालीस. मग दोरा तोडता तोडता पुढे म्हणालीस, "तिथं कोन पाह्यते तुले. म्हणूनच चालली तू." टोमणा मारलास, पण खरं बोललीस. माझी ड्यूटी असते त्या झरीच्या जंगलात मला कोणी पाहत नाही, याच्याइतकं सुख मला आजवर कशातच मिळालं नाही. तिथल्या पोडावरच्या, म्हणजे पाड्यावरच्या, कोलाम बाया माझ्याशी सरपणावरून कडाकडा भांडतात, पण माझ्या भुवयांबद्दल आजवर एकीनेही विचारलेलं नाही.

आणि ती वर्दी! ट्रेनिंगला जायच्या आधी खाकी कापड मिळालं आणि मी ते दुसऱ्या कोणाकडे नेलं नाही, तुझ्यासमोर आणून ठेवलं. मनात होतं, माझी वर्दी माझ्या आईने शिवावी. तू दोन दिवस बसलीस. मापाला अगदी चोख. पण मला न विचारता छातीला टक्स घातलेस, कंबर आत घेतलीस, बाही दंडाला घट्ट केलीस. का? तेवढ्यात तरी मी बाई दिसावी म्हणून? ट्रेनिंगच्या तिसऱ्या दिवशी परेडला हात वर केले आणि काखेतली शिलाई टरकन उसवली. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "वर्दी आहे की ब्लाउज?" सगळं मैदान हसलं.

त्या दिवशी मी फोनवर तुला काय काय बोलले! मी थांबल्यावर म्हणालीस, "मले ब्लाउजच शिवता येते बाई. मी काय करू?" मी फोन ठेवला. मग पांढरकवड्याच्या जेन्ट्स टेलरकडून दुसरी वर्दी शिवून घेतली. सुट्टीत आले तेव्हा तू तिची कॉलर उलटून बघितलीस, शिवण बघितलीस, आणि "बरी शिवली त्यानं," म्हणालीस. त्यानंतर तू माझ्यासाठी काहीच शिवलं नाहीस. मीही म्हटलं नाही. तेवढं एक मी चुकले. बाकीच्याची माफी मी मागणार नाही.

वर्दी अंगावर असताना मी घरी यायचं नाही, हा तुझा कायदा. "गल्लीत येताना बदलून येत जाय. लोकं काय म्हनतीन?" मग मी काय करायची माहीत आहे? दिग्रसच्या स्टँडवर उतरायची आणि तिथल्या बायांच्या मुतारीत नाक दाबून, बूट ओले होऊ नयेत म्हणून एका पायावर उभी राहून कुर्ती आणि लेगिंग घालायची. दर वेळेला. तीन वर्षं. घरी आल्यावर तू म्हणायचीस, "आता कशी छान दिसते!" मी कुठून आले आहे आणि कशी आले आहे, हे तू कधी विचारलं नाहीस.

तुला काय झालं ते मला उशिरा कळलं. सकाळी गस्तीवर होते, तिकडे रेंज नव्हती. चौकीवर आले तेव्हा बाबांचे सात मिसकॉल. तू मशीनवर बसल्या बसल्याच मान टाकली होतीस. सोबतच्या गार्डने मोटरसायकलवर पांढरकवड्याला सोडलं. तिथून यवतमाळ, यवतमाळहून दिग्रस. सगळा रस्ता मी खिडकीच्या दांड्याला धरून बसले होते. त्या दिवशी पहिल्यांदाच मी स्टँडवर कपडे बदलले नाहीत. लक्षातच आलं नाही. होते तशी, चिखलाच्या बुटांनी गल्लीत धावत आले.

अंगणात बाया साड्यांचा आडोसा धरून उभ्या होत्या. आत तुला आंघोळ घालत होत्या. पाण्याचा आवाज येत होता. आडोसा माझ्यापासून पाच-सहा पावलांवर होता, आई! पाच-सहाच! इतक्यात मावशी ओल्या हातांनी आडवी आली. "थांब पूनम! असी नको जाऊ तिच्यापाशी. जनमभर तिले खाली पाहाले लावलं. आता तरी बाईमानसासारखी ये. जाय, साडी नेसून ये."

मी तिला बाजूला सारू शकले असते. सागवान नेणाऱ्या माणसांना अडवते मी, मावशीचं काय! पण मनात आलं, सव्वीस वर्षं आईचं काही ऐकलं नाही, आज ऐकू. एकदा तरी हिच्या मनासारखी हिच्यासमोर जाऊ. म्हणून गेले. तुझ्या शिलाईच्या खोलीत दार लोटून उभी राहिले आणि तुझं कपाट उघडलं.

तुझा ब्लाउज माझ्या दंडात अडकला. परकराची नाडी ओढली तर ती आत निघून गेली. तुझ्या डब्यातली सेफ्टी पिन घेऊन ती बाहेर काढत बसले. निऱ्या घातल्या, सुटल्या. परत घातल्या, परत सुटल्या. "कोणीतरी या ना!" म्हणून हाक मारली, पण बाहेर रडण्याचा एवढा गलका की कोणाला ऐकू गेली नाही. मग पुरुषांचे आवाज आले. "चला, उचला लवकर. पाणी येऊन राह्यलं." मला वाटलं, पाऊस येतोय म्हणून आंघोळीचं पाणी, बादल्या उचलताहेत. खरंच सांगते, मला तेच वाटलं. आणि मी तिसऱ्यांदा निऱ्या घालायला घेतल्या.

बाहेर आले तेव्हा अंगण रिकामं होतं. जमीन ओली, हळद-कुंकू सांडलेलं. तिरडी गल्लीच्या टोकाला वळत होती. मी निऱ्या मुठीत धरून धावले. साडी पायात आली आणि नालीपाशी आडवी झाले. बायांनी मला धरलं. "पोरीनं याच्या पुढं जायाचं नसते." मी ओरडले, "मी पाहिलं नाही तिला! मी अजून पाहिलंच नाही!" त्यांना वाटलं, मी दुःखाने बरळते आहे. मावशी माझं डोकं छातीशी धरून म्हणाली, "पाह्यलं ना बाई, सगळ्यायनं पाह्यलं." एवढ्या गर्दीत मी कुठेतरी होतेच, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. मला खांद्यांच्या मधून हिरव्या साडीचा काठ तेवढा दिसला.

तेरा दिवस जी बाई भेटायला यायची ती सांगायची, "काय रूप दिसत होतं वो तुझ्या मायचं! भरल्या कपाळानं गेली. नवरीवानी दिसत होती." गल्लीने पाहिलं, तुझ्या गिऱ्हाइकांनी पाहिलं, ज्यांच्याशी तू वर्षानुवर्षं बोलत नव्हतीस त्यांनीही पाहिलं. मी तेव्हा साडी नेसत होते. मावशीच्या फोनमध्ये तुझा फोटो आहे. ती दोनदा म्हणाली, पाठवते. मी नको म्हटलं. मला तुझा गाल हाताने बघायचा होता.

आता मला खरं सांग. ते वाक्य मावशीच्या तोंडून आलं, पण होतं तुझंच ना? तू डोळे उघडून मला दारात चिखलाच्या बुटांत बघितलं असतंस, तर काय म्हणाली असतीस? "आली का बाई" म्हणाली असतीस? की आधी कपडे बदलून ये म्हणाली असतीस? अकरा महिने मी याचं उत्तर शोधते आहे. कधी वाटतं, तू हात पुढे केला असतास. पण तुला ओळखते मी. आणि खात्रीने सांगता येत नाही, याचाच मला सगळ्यात जास्त राग आहे.

मावशीला आत्ताच कळवलंय. लग्नाला माझी ना नाही. पाहुण्यांना यायचं तर रविवारी येऊ दे. मी सकाळची ड्यूटी करून येईन, स्टँडवर उतरेन आणि सरळ घरी येईन, अंगावर असेल त्या कपड्यांत. पिस्ता साडी मावशीने दुकानात परत करावी, नाहीतर स्वतः नेसावी. तिचं उत्तर आलं, "तुझ्या मायले काय वाटन?" बघ, अजून तुझ्याच नावाने मला घाबरवतात.

एक वचन देते. तुला आवडणार नाही, तरी देते. कापसाच्या जिनिंगमध्ये काम करून, तिथल्या धुळीने बाबांचा दमा वाढलाय, जिना चढताना मध्ये बसतात. एक दिवस त्यांच्यासाठीही फोन येईल. त्या दिवशी मी जशी असेन तशी येईन. दारात मावशी आडवी येवो, नाहीतर अख्खी गल्ली येवो. आधी बाबांचं तोंड पाहीन, त्यांच्या गालाला हात लावीन. मग जे नेसायला सांगतील ते नेसेन.

तुझं राहून गेलं, आई.

तुझी,
पूनम