तीन स्टॉप पुढचं केंद्र

मंगळवार, ४ मार्च

डबे उलटे करून झटकले. डाळ संपली, तांदूळ कसाबसा गुरुवारपर्यंत. शिवणाचा कारखाना बंद पडून दोन महिने झाले. ठरलं — मोफत धान्य देणाऱ्या केंद्रात जायचं. पण इथल्या नाही, तीन स्टॉप पुढच्या. इथे ओळखीचे डोळे फार. त्यातून समोरच्या दारातली महाराणी! तिच्याकडे म्हणे फळं खाऊन खाऊन कंटाळा आलाय.

गुरुवार, ६ मार्च

केंद्राच्या दारात कोण? महाराणी! काखेत घडी घातलेली रिकामी पिशवी. माझ्याही काखेत तीच तऱ्हा. मी घाईघाईने म्हटलं, "मदतीला आलेय." ती म्हणाली, "अय्या, मी पण."

झालं. नोंदवहीवाल्या काकूंनी ऐकलं आणि खूश होऊन दोघींना अ‍ॅप्रन बांधले. तीन तास तांदूळ मापून लोकांना दिले — वर "सावकाश न्या हं" वगैरे. महाराणी प्रत्येक मापावर एक मूठ जास्त घालायची. मी बघतेय म्हटल्यावर पुटपुटली, "घरी पोरं असतील त्यांच्या."

काकूंनी आभार मानले. दोघी रिकाम्या पिशव्या घेऊन एकाच बसने परत! घरात शिरल्यावर आधी पोट धरून हसले. मग रडू आलं.

शुक्रवार, ७ मार्च

पेज केली. लेक म्हणाली, "आई, यात शितं पोहतायत." म्हटलं, पोहू देत, तेवढाच व्यायाम.

बुधवार, १२ मार्च

वरच्या आजींकडून आणलेले तांदूळही संपले. पुन्हा मागायला तोंड नाही. लेक शाळेतून आली, पाणी प्यायली आणि अभ्यासाला बसली. खायला मागितलंच नाही. ते फार लागलं मला.

महाराणी जिन्यात भेटली. "उद्या येणार ना मदतीला?" म्हटलं, येणार तर. गाल बसलेत तिचे.

गुरुवार, १३ मार्च

ती आधीच टेबलामागे उभी होती. मी सरळ ओळीत गेले. नंबर आला तशी पिशवी तिच्यापुढे उघडी धरली. म्हटलं, "त्या दिवशी खोटं बोलले गं."

तिने पिशवी भरली. अ‍ॅप्रन सोडून काकूंच्या हातात दिला आणि ओळीच्या शेवटी जाऊन उभी राहिली.

मी थांबले तिच्यासाठी.