धाकटीला न दिलेली बोट

बाबा,

तुमची बोट मी विकली. कुणाला, ते पुढे सांगते. आधी का, ते सांगते, कारण खरं कारण मी अजून कुणाजवळ बोललेले नाही. शेजारीण विचारते तेव्हा म्हणते, गुरांच्या कोठ्यात जागा अडते. शाळेतल्या बायांना सांगितलं, छपराची कवेलू फुटलीत, पावसाळ्यात भिजून कुजेल, त्यापेक्षा गेलेली बरी. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली. इतक्या वर्षांत ती एकदाही नदीवर गेली नाही, तरी मला तिची अडचण कधी झाली नव्हती. अडचण झाली ती धाकटीचं पत्र आलं त्या दिवशी. आपला मुलूख मुंबई राज्यात गेला, नागपूरचे अर्धे साहेब बिऱ्हाडं बांधून मुंबईला गेले, आणि आमच्या धाकटीचे यजमान नागपुरातच राहून वर तलावाजवळचा बंगला पटकावून बसले. तिनं लिहिलं, "ताई, बाबांची बोट तिथे नुसती पडून आहे, तुला काय उपयोग तिचा? मी ट्रक पाठवते. इथे मुलं तिच्यात बसतील. तसंही बाबांनी वल्ही माझ्याच हातात दिली होती." हे शेवटचं वाक्य तिनं सहज लिहिलंय, हे मला कळतं. सहज लिहिलंय म्हणूनच माझ्या अंगाची लाही लाही झाली. पत्राची घडी घातली आणि त्याच दिवशी ठरवलं, बोट विकायची. कुणालाही, पण तिला नाही.

जळते मी तिच्यावर. आज या वयात, केस पांढरे झाल्यावर, चौथीच्या पोरींना "हेवा करू नये" असं फळ्यावर लिहून दिल्यावरसुद्धा जळते. तुम्हीच लावलीत ही सवय. मिलचा गोरा साहेब विलायतेला परत निघाला आणि जाता जाता आपली बोट तुम्हाला देऊन गेला, तेव्हा अख्खं पुलगाव हसलं होतं. फिटर मिस्त्रीच्या पायात धड जोडा नाही आणि हा रविवारी बोटीतून हवा खायला निघतो! तुम्हाला त्याचं काही नव्हतं. रविवार उजाडला की धुतलेला सदरा घालून तुम्ही मागच्या वेताच्या बैठकीवर बसायचात, बिडी पेटवायचात, आणि रेल्वेच्या पुलाच्या वरच्या अंगाला जो डोह आहे तिथे आपली स्वारी निघायची. मी बारा वर्षांची, धाकटी आठची. वल्ही तिच्या बाजूला सरकवून तुम्ही म्हणता, "घे माह्ये माय, वल्हव." मग माझ्याकडे वळून, "अन् पोरी, तू पाणी काढ." ती माय आणि मी पोरी. तिच्या पाठीला सावली पडावी म्हणून तुम्ही छत्री धरता, आणि मी तुमच्या पायाशी उकिडवी बसून टिनपाटानं तळातलं पाणी बाहेर टाकते. माझा परकर गुडघ्यापर्यंत ओला आहे. ती वल्हवते आहे, आणि बोट खरंच सरळ चालली आहे, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

एकदा मी तिच्या हातातून वल्ही ओढून घेतली. दोन हात मारले असतील नसतील, बोट गर्रकन फिरली आणि तुमची बिडी पाण्यात पडली. तुम्ही ओरडला नाहीत. ओरडला असतात तर मी विसरले असते. तुम्ही शांतपणे म्हणालात, "ठेव ते. तुह्या हातात राग हाये. पाण्याले राग चालत नाई." राग काऊन हाये, हे मात्र तुम्ही विचारलं नाही. पुढच्या रविवारी माझ्यासाठी मिलमधून तांब्याच्या पत्र्याचं एक भांडं घडवून आणलंत, छान मुठीचं, कडा घासून गुळगुळीत केलेलं. "खास तुह्यासाठी," म्हणालात. पाणी उपसायला! दुसऱ्या कुणाला बापानं तांब्याची वस्तू दिली असती तर तिनं गावभर मिरवली असती. मी ते घरी आणून पिठाच्या डब्यात खुपसलं. आजही पीठ त्यानंच काढते, आणि आजही पोळ्या लाटताना कधी कधी तुमच्याशी भांडते.

तुमचं शेवटलं दुखणं दोन वर्षं चाललं, ते तुम्हाला आठवत असेल नसेल. मी तेव्हा कपाळ पांढरं करून माहेरी आलेली, सकाळी शाळा आणि दुपारपासून तुमच्या उशाशी सेवा. काढा मी द्यायची, अंग मी पुसायची, रात्रीचा खोकला मी ऐकायची. आणि धाकटी दिवाळीला चार दिवस आली की तुम्ही गादीवर उठून बसायचात. तिच्या हातचा चहा तुम्हाला गोड लागायचा. साखर तीच, पातेलं तेच, चूल मी पेटवलेली. मी दारात उभी राहून बघायची आणि मनात म्हणायची, बाबा, आता तरी एकदा मला माय म्हणा. ते तुम्ही म्हटलं नाही. गेलात तेव्हा ती नागपूरला होती आणि तुमचं डोकं माझ्या मांडीवर होतं, तरी शेवटी विचारलंत ते तिचंच, "आली का वं?"

तर बोट. शिंगाड्याचं तळं मक्त्यानं घेतलेला एक धिवर, मासे धरणारा, आपल्या घाटावर राहतो, त्याचा बाप तुमच्या वेळी डोंगा चालवायचा. शिंगाडे काढायला त्याला हलकी बोट हवी होती. कोठ्यात येऊन त्यानं बोटीवर हात फिरवला आणि खूश झाला. होणारच, अठरा वर्षं मी तिला विटांवर उचलून ठेवलेली, दर दिवाळीला जवसाचं तेल चोळलेलं, पाण्याचा थेंब लागू दिला नव्हता. मला वाटायचं, याहून जास्त ती कोण सांभाळणार? बैलगाडीवर घालून घाटावर नेली, पाण्यात सोडली, आणि थोड्याच वेळात ती माझ्या डोळ्यांदेखत भरून तळाला बसली. घाटावर धुणं धुणाऱ्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. धिवर मात्र पोट धरून हसला. "बाई, ही बोट हाये का लोणच्याची बरनी? कोरडी ठेवून ठेवून फळ्या आकसल्या तिच्या. तेल पाजलं तुमी, पाणी नाई पाजलं." मग त्यानं तिच्यात दगड भरले आणि मुद्दाम तशीच बुडवून ठेवली. आठ दिवस पाण्याखाली राहिली की फळ्या फुगतात, फटी आपोआप मिटतात, मग थेंब येत नाही, असं म्हणाला. मी घरी आले आणि धाकटीला कार्ड टाकलं: बोटीला वाळवी लागली होती, तळ पोखरला, सरपणात गेली. चार ओळी.

पाचव्या दिवशी दुपारच्या पॅसेंजरनं धाकटी स्वतः आली. पिशवी ओट्यावर टाकली आणि तडक कोठ्यात गेली. विटा तशाच होत्या. त्यांच्याकडे बघत ती खाली बसली आणि लहान पोरीसारखी रडायला लागली. मला वाटलं होतं, ती भांडेल. भांडली असती तर माझं काम सोपं झालं असतं. चहा घेतल्यावर म्हणाली, "चाल ना ताई, घाटावर जाऊन येऊ." नाही म्हणायला कारण सुचलं नाही. ती पायरीवर पाय पाण्यात सोडून बसली, आणि तिच्या पायांपासून पाच-सहा हातांवर, गढूळ पाण्याखाली, तुमची बोट दगड पोटात घेऊन बसलेली. धिवर जाळं सोडवत होता. धाकटीनं त्याला विचारलं, "दादा, आमच्या बाबाची बोट आठवते का रे तुले?" त्यानं माझ्याकडे बघितलं. तो म्हणाला, "आठवते तं. लई हलकी होती," आणि पुन्हा जाळ्यात तोंड घातलं. एवढं बोलून त्यानं मला जन्माचं मिंधं केलं.

घरी परत येताना ती म्हणाली, "एखादी फळी तरी ठेवायची होती वं ताई." आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "ठेवली हाये न." का बोलले, देव जाणे. तिला आत बसवून मी मागच्या अंगणात गेले. न्हाणीचं जुनं दार बिजागरीतून निखळून भिंतीला टेकलेलं होतं; बोटीसाठी आणलेल्या हिरव्या रंगाचा उरलेला डबा मी एकदा त्याला फासला होता. सब्बल घातली, एक फळी उचकटली, खिळे काढले, पदरानं पुसली आणि तिच्या हातात दिली. तिनं ती आधी कपाळाला लावली. मग नाकाशी नेली, डोळे मिटले, आणि हसली. "ताई, पाह्य ना, बाबाच्या बिडीचा वास येऊन राह्यला अजून." संध्याकाळच्या गाडीनं ती फळी कापडात गुंडाळून, मांडीवर घेऊन गेली. आठवा दिवस झाल्यावर धिवरानं दगड काढले, बोट वर आली, खरंच थेंब येत नव्हता, आणि तो ती घेऊन गेला.

हे पत्र मी कुठे टाकणार? टाकणार नाहीच, वाचून झालं की चुलीत जाईल. धाकटीला कधी कळू नये, एवढंच वाटतं, आणि ते तिला वाईट वाटेल म्हणून नाही. बाबा, ते न्हाणीचं दार तुमच्या माघारी दोन वर्षांनी मी सुताराकडून करून घेतलेलं. तुमचा हात त्याला कधी लागलाच नाही. आणि खऱ्या बोटीला तेल लावताना मी दर दिवाळीला, कुणी बघत नाही असं पाहून, एकेका फळीला नाक लावत होते. मला कधी तेलाशिवाय कसलाच वास आला नाही.