बीर तुवीलचे चार अंश

सोमवार, ६ मे
पुन्हा मबरूका! बीर तुवीलच्या दवाखान्यातली नर्स. आठच्या ठोक्याला फोन — "पोरा, लसींचा फ्रिज कोमट लागतोय. हात घालून बघतेय मी!" इथे आरोग्य खात्याच्या ऑफिसात माझ्या पडद्यावर चार अंश, हिरवंगार. आमचे साहेब, सी नौफल, तळलेली ब्रीक खात म्हणाले, "त्या बाईला रडायची सवयच आहे." मीही हसलो.

मंगळवार, ७ मे
शी! आज आकडे गोळा करणारी स्क्रिप्ट उघडून बघितली. रोज सकाळी ती चोवीस दवाखान्यांच्या सर्व्हरवर लॉगिन करते, फ्रिजचं तापमान आणते. बीर तुवीलची लाइन मरतुकडी — पासवर्ड विचारायलाच चौदा सेकंद. स्क्रिप्ट वाट बघते दहा. मग थांबून बोंब मारावी की नाही? छे! बया पुढेच चालू लागते. पासवर्ड हवेत फेकते, हुकूमही हवेतच सोडते, आणि कालचा आकडा आजचा म्हणून चिकटवते.

रमजानात ऑफिस लवकर सुटावं म्हणून सी नौफलनी वाट बघायचे तीस सेकंद दहावर आणले होते. ईद झाली, मिठाई संपली, दहा तसेच. छप्पन्न दिवस तेच चार अंश!

बुधवार, ८ मे
दुरुस्त केली. चाळीस सेकंद थांबेल, तीनदा प्रयत्न करेल, तरी नाही तर लाल अक्षरांत "उत्तर नाही". फक्त बीर तुवीलवर चालवून पाहिली. एकोणीस अंश, लालभडक! लसी आठच्या वर टिकत नाहीत.

सी नौफल भडकले. "शुक्रवारी राजधानीतून पाहुणे येतायत आणि तू मला लाल दाखवतोस? सोमवारपर्यंत जुनीच चालू दे."
"आणि लसी?"
"बर्फ ठेव म्हणावं तिला."

जुनीच चालवली. हो, मीच. किळस येते स्वतःची.

गुरुवार, ९ मे
मबरूका — "बर्फ? अकरा बाळं परत पाठवली मी आज! आया शिव्या घालून गेल्या. तुझा तो हिरवा पडदा घेऊन ये की इथे, दाखव त्यांना." फोन ठेवला.

शुक्रवार, १० मे
चोवीसच्या चोवीस हिरवे! टाळ्या. पाहुण्यांना जेवणातली काफ्ताजी, तळलेल्या भाज्यांची, फार आवडली म्हणे.

शनिवार, ११ मे
कुणाला न विचारता नवी स्क्रिप्ट सगळीकडे चालवली. एक नाही, सहा दवाखाने लाल. सहावा आमच्याच गल्लीतला — सतरा अंश. गुरुवारी तिथेच लीनाला, माझ्या दोन महिन्यांच्या मुलीला, लस टोचून आणलं.